खरगपूरच्या हॉलमधली दिवाळी: परंपरेचे काम नेमके कोणी करायचे?

हिजलीकर (धागाकर्ता)

आयआयटी खरगपूरमध्ये वसतिगृहाला ‘हॉल’ म्हणतात, आणि तिथून शिकून बाहेर पडलेली दोन माणसे कुठेही भेटली तरी शाखा विचारण्याआधी हॉल विचारतात. पटेल, आझाद, नेहरू, राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन, लाला लजपतराय, मुलींसाठी सरोजिनी नायडू आणि मदर टेरेसा अशी ही नावे आहेत. पवईच्या, म्हणजे आयआयटी मुंबईच्या, वसतिगृहांच्या आठवणी आपल्याकडे वरचेवर निघतात. खरगपूरला मराठी मुले कित्येक पिढ्या जात असूनही तिथल्या हॉलविषयी मात्र क्वचितच बोलले जाते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ही संस्था १९५१ मध्ये हिजली येथे सुरू झाली, ती ब्रिटिशांनी राजबंद्यांसाठी उभारलेल्या बंदिशाळेच्या इमारतीत. याच बंदिशाळेत १६ सप्टेंबर १९३१ रोजी पहारेकऱ्यांनी केलेल्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन बंदी मारले गेले होते. १९५६ च्या पहिल्या पदवीदान समारंभात पंडित नेहरूंनी या जागेच्या स्थित्यंतराचा आवर्जून उल्लेख केला होता. हावड्यापासून सुमारे ११५ किलोमीटर दूर, रेल्वेच्या गावाला लागून असलेल्या या माळावर शहराची करमणूक नव्हती, नातेवाईक नव्हते आणि रोज घरी जाण्याची सोयही नव्हती. त्यामुळे राहणे, जेवणे, खेळणे, भांडणे आणि सण साजरे करणे हे सगळे हॉलमध्येच होऊ लागले. हॉलचे स्वतःचे विद्यार्थी मंडळ असते, अध्यक्ष असतो, खाणावळीचा सचिव असतो. खेळ, कला आणि तंत्रज्ञान या तिन्ही क्षेत्रांत हॉलांच्या वर्षभर स्पर्धा चालतात. आणि ‘टेम्पो’ची आरोळी ठोकताना, म्हणजे आपल्या हॉलचा टेम्पो ‘हाय’ आहे असे घसा फुटेपर्यंत ओरडताना, एरवी तोंडातून शब्द न काढणारा मुलगाही मागे राहत नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे दिवाळीच्या रात्रीचे इल्युमिनेशन, तिथल्या बोलीत ‘इल्लू’. बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या बांधून एक मोठी जाळी तयार करतात. तिला ‘चटई’ म्हणतात. आधी कागदावर चौकटी आखून चित्र काढायचे, मग एकेक चौकट जाळीवर उतरवायची, आणि चित्राच्या रेषेवर जिथे पणती यायची तिथे तारेची कडी वळवून घट्ट बांधायची. कडी जरा जरी तिरकी बसली तरी तेल एका बाजूने ओघळते, वात लवकर विझते, आणि लांबून पाहणाऱ्याला चित्रातल्या माणसाचा एक डोळा बंद दिसतो. अशा हजारो कड्या बांधायच्या असतात. शेवटच्या दिवशी पणत्या बसवणे, वाती घालणे, तेल ओतणे हे काम परांचीवर चढून करावे लागते. अंधार पडल्यावर हॉलचे सगळे दिवे बंद करतात, अनेक हात एकाच वेळी कामाला लागतात, आणि ज्या जाळीकडे बरेच दिवस फक्त कटकट म्हणून पाहिले तिच्यावर रामायणातला एखादा प्रसंग किंवा एखादा ओळखीचा चेहरा उजळून उभा राहतो. तेल संपेपर्यंतच तो टिकतो. परीक्षकांनी आणि गावातून आलेल्या लोकांनी तो तेवढ्यातच पाहायचा.

मला चर्चा करायची आहे ती या श्रमाची. माझे मत असे की वसतिगृहाची परंपरा टिकते ती ज्येष्ठांनी धाकट्यांच्या शेजारी बसून तेच काम केल्यामुळे. जिथे ज्येष्ठ फक्त देखरेख करतात तिथे परंपरा नावापुरती उरते आणि तिच्या जागी वेठबिगार येते. आपापल्या वसतिगृहाचा अनुभव जरूर लिहावा.

रानजाई

हिजलीकर, आपण चटईविषयी लिहिलेत, मी रांगोळीविषयी लिहिते. इल्लूच्या बरोबरीने हॉलाहॉलांत रांगोळीचीही स्पर्धा असते आणि माझा सगळा जीव तिच्यात होता. मी सांगलीची. आईने शिकवलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीपलीकडे मला काही येत नव्हते, पण चिमटीतून एकसारखी रेघ सोडण्याची सवय हाताला होती, आणि तेवढ्या भांडवलावर मला पहिल्याच वर्षी रांगोळीच्या खोलीत घेतले गेले.

ती रांगोळी आपल्या अंगणातल्या रांगोळीसारखी नसते. मोठी खोली रिकामी करून फरशीवर काळी पार्श्वभूमी तयार करतात, खडूने आराखडा काढतात आणि मग रंगांच्या भुकटीचे थर देत चित्र उभे करतात. रंग फडक्यातून गाळून घ्यावे लागतात, कारण एक खडा राहिला तरी गालावर डाग पडतो. मानवी त्वचेचा रंग करायला आम्ही पांढऱ्या भुकटीत गेरू, पिवळा आणि किंचित काळा मिसळून पाच-सहा छटा वाट्यांमध्ये करून ठेवत असू आणि प्रत्येक वाटीवर चिठ्ठी चिकटवत असू. काम सुरू झाल्यावर खोलीतला पंखा लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या नाहीत आणि ओढणी घेऊन आत यायचे नाही, हे नियम फार कडक होते. ऑक्टोबरच्या दमट हवेत घामाचा थेंब चित्रावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून बसावे लागे.

माझ्या शेजारी तिसऱ्या वर्षात शिकणारी एक बंगाली मुलगी बसे. जबड्याखालची सावली कुठून सुरू होते हे तिने मला स्वतःच्या हनुवटीवर बोट फिरवून दाखवले होते. मी केलेला भाग तिला पसंत पडला नाही तर ती तो पुसून टाकत नसे. त्याच्यावर कोणता थर दिला म्हणजे तो सुधारेल हे सांगून भुकटीची वाटी माझ्याच हातात देई. आपण ज्येष्ठांनी शेजारी बसण्याविषयी लिहिलेत ते म्हणूनच मला मनापासून पटले.

आणखी एक गोष्ट. बंगालमध्ये आपल्यासारखी पाच-सहा दिवसांची दिवाळी नसते. लक्ष्मीपूजन कोजागरीलाच होऊन गेलेले असते आणि अमावास्येच्या रात्री कालीपूजा असते. दुर्गापूजेची सुट्टी आधीच संपलेली असल्यामुळे दिवाळीला घरी जाणे आम्हा दूरच्या मुलींना शक्य होत नसे. घरून उटणे आणि फराळाचा डबा येई, तो पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने किंवा मुंबईहून गीतांजलीने येणाऱ्या कोणाच्या तरी हाती. नरक चतुर्दशीच्या पहाटे रांगोळीच्या खोलीतून उठून आम्ही मराठी मुली अभ्यंगस्नान करत असू, आणि चकल्यांचा डबा सगळ्या मजल्यावर फिरून रिकामा परत येत असे. घरच्या दिवाळीची उणीव भासत असेच, तरी त्या खोलीत आपल्या हाताची कोणाला तरी गरज आहे ही भावना फार आधार देणारी होती.

मुळाकाठ

माझा मुलगा या वर्षी प्रथम वर्षाला तिकडे गेला आहे. वरील वर्णन वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. नोव्हेंबरमध्ये सत्रपरीक्षा असते. अशा कामात भाग घेणे ऐच्छिक असते का, आणि त्याने नकार दिला तर पुढची वर्षे त्याला एकटे पडावे लागेल का, हे जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावे.

शाईपेन

मुळाकाठ यांचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. मी खरगपूरचा नाही. मी ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहिलो त्याचे नाव येथे देत नाही. तेथे गणपतीच्या सजावटीची परंपरा होती आणि ती पूर्णपणे प्रथम वर्षाच्या मुलांच्या जागरणांवर चालत असे. वर्गणी किती द्यायची हे ज्येष्ठ ठरवत, थर्माकोल कापायला आम्ही बसत असू आणि आरतीच्या वेळी पुढे उभे राहायला ज्येष्ठ येत. जो आला नाही त्याच्याशी खाणावळीत कोणी बोलायचे नाही असा अलिखित नियम होता. मारहाण कधी झाली नाही, म्हणून याला छळ म्हणायला कोणी तयार नव्हते.

कायदा मात्र याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आणि पश्चिम बंगालने २००० मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, आणि २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयातील अमन काचरू या विद्यार्थ्याच्या मृत्यूने देश हादरल्यानंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. त्या विनियमांत शारीरिक छळाबरोबरच, नवागत विद्यार्थ्याच्या नियमित अभ्यासात व्यत्यय आणणारे ज्येष्ठांचे कोणतेही कृत्य आणि त्याच्यावर जबरदस्तीने टाकलेला खर्चाचा भार यांनाही रॅगिंगच म्हटले आहे. नवागतांना शक्यतो स्वतंत्र इमारतीत ठेवावे असेही त्यांत आहे. परीक्षा तोंडावर असताना रात्र रात्र कामट्या बांधायला बसवणे, तेही ‘न’ म्हणण्याची सोय नसताना, या व्याख्येत बसते की नाही याचा विचार परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनीच आधी केला पाहिजे. पणत्या सुंदर दिसतात म्हणून बाकीचे प्रश्न मिटत नाहीत.

हिजलीकर (धागाकर्ता)

शाईपेन, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपल्या वसतिगृहात जे घडले ते अन्यायाचे होते आणि त्याला परंपरा म्हणू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपण दिलेल्या व्याख्येला माझा विरोध नाही. उलट परंपरा वाचवायची असेल तर ती व्याख्या हॉलच्या सूचनाफलकावर लावावी असे मी म्हणेन.

तरीही एक बाब मांडतो. सक्ती नको म्हणून नवागतांना कामापासूनच दूर ठेवले तर मोठे नुकसान होते, आणि ते वर्षभरात दिसत नाही, तीन-चार वर्षांनी दिसते. चटईचे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. कामटी किती भिजवून ठेवली म्हणजे वाकते पण मोडत नाही, गाठ कोणत्या बाजूला आली म्हणजे पणतीला अडत नाही, वारा कुठून येतो ते पाहून कोणत्या बाजूला तेल थोडे जास्त घालायचे, ही माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे सगळी वसतिगृहे रिकामी झाली आणि ही साखळी तुटली. मुले परत आली तेव्हा ज्यांनी स्वतः चटई बांधली होती त्यांपैकी बहुतेक पदवी घेऊन निघून गेले होते. माझ्या जुन्या हॉलमधल्या एका मुलाने तेव्हा मला दूरध्वनी करून विचारले होते की कडीसाठी तार किती जाड घ्यायची. बारीक तार पणतीच्या वजनाने खाली वाकते आणि जाड तार बोटांनी वळवता येत नाही, एवढे मला आठवत होते. आकडा आठवत नव्हता. शेवटी तो मुलगा पणती खिशात घालून बाजारात गेला आणि दुकानातच तार वळवून, तिच्यात पणती ठेवून पाहून घेऊन आला. ज्याने स्वतःहून एवढे केले त्याच्यावर कोणी सक्ती केली होती असे मला वाटत नाही.

पवईचा पाहुणा

पवईत वसतिगृहांना थोरांची नावे नाहीत, क्रमांक आहेत, पण निष्ठा तेवढीच तीव्र असते. आमच्याकडे या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट म्हणजे ‘पाफ’. खुल्या रंगमंचावर होणारे हे प्रयोग वसतिगृहे गट करून उभे करतात. संहिता, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, संगीत, नृत्य सगळे विद्यार्थ्यांचे. मी नेपथ्याच्या गटात होतो. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, कापडावर रंग, आणि हे सगळे काळोखात काही क्षणांत हलवता आले पाहिजे.

माझे निरीक्षण असे की पाफमध्ये सक्तीची तक्रार नेपथ्याच्या गटात सर्वांत कमी असे. आमच्याकडे कौशल्याची उतरंड होती, वर्षाची नव्हती. करवत ज्याला चालवता येते तो कापणार, मग तो प्रथम वर्षाचा असला तरी, आणि अंतिम वर्षाच्या मुलाने त्याच्यासाठी फळी धरून उभे राहायचे. हिजलीकरांचा ‘शेजारी बसण्याचा’ मुद्दा मी एवढ्यापुरता पुढे नेईन की ज्येष्ठाने कधीकधी धाकट्याच्या हाताखालीही काम केले पाहिजे.

पंचगंगा

चर्चा आयआयटीपुरती राहू नये म्हणून लिहितो. श्रमावर उभे राहिलेले वसतिगृह ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढच्या काळात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. तेथे मुलेच स्वयंपाकाला हात लावत, पाणी भरत, शेतात राबत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, हे आपण सर्वजण जाणतो.

त्या बोर्डिंगातला श्रम आणि शाईपेन यांनी वर्णन केलेला श्रम यांत फरक कुठे आहे, याचा मी बराच विचार केला. दोन्हीकडे मुलेच राबत होती. फरक पाळीचा आहे. भाकरी थापायची पाळी जशी धाकट्याची तशीच थोरल्याचीही, आणि ती कोणत्या जातीच्या मुलाची आहे हे विचारायचे नाही, या नियमामुळे काम हलके राहिले नाही तरी अपमानाचे झाले नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुले रोज ठरावीक तास काम करून शिकतात, आणि तास ठरलेले असल्यामुळे अभ्यासाचा वेळ कोणी खाऊ शकत नाही. सण असो वा स्पर्धा, वसतिगृहातल्या कामाची पाळी कागदावर लिहून दाराशी लावावी आणि तीत अध्यक्षाचेही नाव असावे, अशी माझी सूचना आहे. माझ्या मते मंडळाच्या पहिल्या बैठकीत हाच ठराव व्हायला हवा.

रानजाई

मुळाकाठ, आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर राहून गेले म्हणून पुन्हा लिहिते. भाग घेणे ऐच्छिकच असले पाहिजे, आणि आपल्या मुलाने तसे समजूनच वागावे. माझ्या मजल्यावर दोन मुली कधीच रांगोळीला आल्या नाहीत. एकीला धुळीचा त्रास होता, दुसरीला रस नव्हता. दिवाळीच्या रात्री दोघी आमच्यासाठी चहा घेऊन आल्या आणि पुढची सगळी वर्षे त्या आमच्यातच होत्या. अर्थात प्रत्येक मजला असा समंजस असतो असे मी म्हणणार नाही. त्याच्यावर दबाव येत असेल तर त्याने आधी वॉर्डनना भेटावे; राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाहिनीवरही तक्रार करता येते. तक्रार केल्याने आपण हॉलचे नाव खराब करतो अशी भावना मुलांच्या मनात असते, ती घरच्यांनी बोलून काढून टाकावी.

त्याला रस असेल तर मात्र त्याने रोज किती वेळ देणार हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि तेवढाच द्यावा. जेवणानंतरचा एक तास देणारा मुलगा सर्वांना हवा असतो. रात्रभर बसून दुसऱ्या दिवशी वर्गात झोपणाऱ्या मुलाच्या गाठी सैल होतात, हे हिजलीकरही मान्य करतील.

हिजलीकर (धागाकर्ता)

अगदी मान्य. सैल गाठी शोधत फिरणे हे शेवटच्या दिवसाचे सर्वांत त्रासाचे काम असते.

पंचगंगा यांची पाळीपत्रकाची सूचना मी माझ्या हॉलच्या सध्याच्या मंडळाला लिहून पाठवली आहे. पवईच्या पाहुण्यांचा मुद्दाही तीत जोडला आहे: गटप्रमुख वर्षावरून न ठरवता कामावरून ठरवावेत. शाईपेन, आपण उल्लेखिलेल्या विनियमांतला अभ्यासात व्यत्यय आणि खर्चाचा भार यांविषयीचा भाग मराठीत, हिंदीत आणि बंगालीत सोप्या शब्दांत मांडून द्याल का? तो पत्रकाच्या खाली छापता येईल.

आणखी एक विनंती. ज्यांनी चटई बांधली आहे, त्यांनी कामटीची रुंदी, दोन कामट्यांमधले अंतर, तारेची जाडी आणि एका पणतीला लागणारे तेल यांपैकी जे नक्की आठवत असेल तेवढेच येथे लिहावे. अंदाज लिहू नयेत. रांगोळीच्या छटांचे मिश्रण रानजाई यांनी प्रमाणासह दिले तर फार बरे होईल. सगळे एकत्र करून सुटसुटीत टिपण मी तयार करीन आणि पुढच्या दुर्गापूजेच्या सुट्टीआधी ते मुलांच्या हाती पडेल असे पाहीन.